धानाची बांधी आणि जपानी मेंदूज्वर



रोवणी आटोपली की बांधीत पाणी साठते आणि त्यातच क्युलेक्स डास अंडी घालतात. जपानी मेंदूज्वराचा विषाणू पसरविणारे डास ते हेच. भारतात हा रोग प्रथम १९५५ साली वेल्लोर भागात आढळला.

विषाणू मुळात बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांत असतो आणि डुकरांच्या रक्तात झपाट्याने वाढतो. डुक्कर बहुधा आजारी दिसत नाही. गाभण मादी मात्र मेलेली पिले टाकते. रुग्णापासून दुसऱ्याला हा रोग होत नाही. तेव्हा रुग्णाला दूर ठेवू नका, डुकरांचा वाडा घरापासून दूर हलवा.

आता बांधीविषयी. उष्ण दिवसांत अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. रोपांनी मूळ धरल्यावर मधूनमधून पाणी काढून बांधी सुकू दिली, तर अळ्या मरतात. पाणी पुन्हा देण्याची सोय असेल तरच हे करावे. फुलोऱ्यात पाणी तोडू नये. शेजारची बांधी भरलेलीच असेल तर एकट्याच्या खटपटीने फारसे साधत नाही, म्हणून बांधाला बांध असणाऱ्यांनी मिळून ठरवावे.

हे डास संध्याकाळपासून रात्रभर चावतात. मुलांना मच्छरदाणीतच झोपवा. मुलाला तापासोबत उलट्या, झटके किंवा बरळणे सुरू झाले, तर अंगारे-धुपारे न करता तत्काळ रुग्णालय गाठा. विषाणूवर औषध नाही, आणि मेंदूज्वर जडलेल्या शंभरांतील वीस-तीस रुग्ण दगावतात. जोखमीच्या जिल्ह्यांत सरकारी लस मोफत मिळते: पहिली मात्रा ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी १६ ते २४ महिन्यांत. बाळाचे कार्ड आजच काढून पाहा.