चालणारीचे धावणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी माझा विषय जाहीर केला तेव्हा मागच्या रांगेत हसू उमटले, ते मी ऐकले आहे. मला त्याचा राग नाही. चोपन्नाव्या वर्षी एखादी बाई धावायला लागली तर शेजारणींनी हसू नये तर काय करावे? पहिल्या दिवशी मी स्वतःच इतकी हसले की धावणे राहूनच गेले.

मी मुळात चालणारी बाई. लग्न होऊन चंद्रपूरला आले तेव्हा उन्हाने आणि कोळशाच्या धुळीने जीव घाबरा झाला होता. सासूबाई म्हणाल्या, "घरात बसून हे गाव आवडायचं नाही, बाहेर पड." त्यांचे ऐकले आणि बाहेर पडले ती पंचवीस वर्षे चालतेच आहे. माणिकगड पाहिला, नागभीडकडचा पेरजागड, म्हणजे आपला सात बहिणींचा डोंगर, कितीदा चढले याची गणती नाही. मार्कंड्याला वैनगंगेच्या काठाकाठाने हिंडले. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात तिथे उभी राहिले. चालण्याचा मला गर्वच होता म्हणा ना. ज्यांना धाप लागे त्यांच्याकडे मी जरा दयेने पाही.

तो गर्व साताऱ्यात उतरला. तिथे २०१२ पासून डोंगरावरची एकवीस किलोमीटरची शर्यत होते. भाची त्यात धावणार होती, म्हणून मी डबा घेऊन गेले. यवतेश्वराच्या घाटात रस्त्याच्या कडेला उभी राहून पाहते तो काय, माझ्या वयाच्या बायका घाट चढताहेत! कोणी धावत, कोणी झपझप चालत, पुन्हा धावत. मला वाटले, एवढी वर्षे ही पायपीट केली, हे आपल्याला न जमायला काय झाले?

परत आल्यावर पहिल्याच रविवारी पेरजागड चढले आणि उतरताना धावले. वारा कानात भरला, पंधरा वर्षांची झाल्यासारखे वाटले. दुसऱ्या दिवशी मात्र जिना उतरता येईना. तीन आठवडे गुडघ्यांना तेल चोळले, घरातल्यांची बोलणी खाल्ली ती निराळीच. मग एका जाणत्या व्यायामशिक्षकांना विचारले. ते म्हणाले, "बाई, चालण्याने तुमचे काळीज आणि दम तयार झाला आहे, पण सांधे आणि स्नायुबंध धावण्याला तयार नाहीत. दम पुढे पळतो आणि गुडघे मागे राहतात. जुन्या चालणाऱ्यांचा हाच घोटाळा होतो."

उतारावर पाऊल पडते तेव्हा मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच सगळे वजन तोलून धरतात. त्यामुळे चढापेक्षा उतारच अंग मोडतो. आपली हिरकणी रायगडाचा कडा रात्री उतरली असे सांगतात, ते ऐकताना आता माझ्या मांड्याच आधी दुखतात! तर उपाय असा की पाऊल आखूड टाकायचे, गुडघा किंचित वाकलेला ठेवायचा, नजर पायाशी न ठेवता तीन-चार पावले पुढे ठेवायची आणि चढ लागला की लाज न बाळगता चालायचे. पहिले दोन महिने मी दोन मिनिटे धावे आणि तीन मिनिटे चाले. आपल्या मुरमाड वाटेवर गोट्यांसारखे खडे घरंगळतात, म्हणून तळव्याला खाचा असलेले बूट घेतले. एवढाच काय तो खर्च.

इथवर सगळे मजेचे झाले. खरी गोष्ट पुढेच आहे.

मूल तालुक्यात आमच्या दिरांचे वावर आहे. मागल्या चैत्रात तिथे मुक्कामाला होते. पहाटे उठून पांदणीने धावत निघाले. पांदण पुढे झुडपी जंगलात शिरते. एका मोहाच्या झाडाखाली एक म्हातारी फुले वेचत बसली होती. मला पाहून ती एकदम उभी राहिली आणि हात पसरून वाटच अडवली तिने. म्हणाली, "बाई, पराचं नाही इथं. जो परते, थोच त्याले दिसते."

'त्याले' म्हणजे कोणाला, हे तुम्हांला सांगायला नको. त्याचे नाव पहाटेच्या रानात कोणी घेत नाही.

मी थांबले. ती म्हणाली त्यात शास्त्र आहे. पळणाऱ्या प्राण्यामागे धावणे हा वाघाचा स्वभाव, आणि खाली वाकलेले माणूस त्याला माणसासारखे उभे दिसत नाही. म्हणून वनखाते सांगते की रानात एकट्याने जाऊ नका, बोलत जा, पहाटे आणि सांजेला टाळा. पण मोहाचे फूल गळते रात्री आणि पहाटे. उजाडल्यावर निवांत जावे तर ढोरे आणि हरणे ते खाऊन टाकतात. म्हणजे ज्या वेळी जाऊ नये त्याच वेळी तिला जावे लागते, आणि वाकूनच वेचावे लागते. मी तिथे गेले होते हौसेने. तिला हौस नव्हती.

१० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात मेंढामालच्या तीन बाया तेंदूपाने तोडायला गेल्या आणि वाघाने एकाच दिवशी तिघींना मारले. २० नोव्हेंबर २०२१ ला ताडोब्यात वनरक्षक स्वाती ढुमणे व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी फिरत असताना वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ मध्ये व्याघ्रप्रकल्प. वाघ वाढले याचा मलाही अभिमान आहे, पाहुण्यांना मी तो ऐकवतेही. पण त्या अभिमानाची किंमत कोण भरते, हे त्या म्हातारीसमोर घामाघूम उभी असताना मला जसे कळले तसे पूर्वी कधी कळले नव्हते. मी तिच्याबरोबर बसून टोपलीभर फुले वेचली आणि आम्ही दोघी मोठ्याने बोलत गावात परतलो. त्या दिवसापासून रानात मी धावले नाही. रानात चालते, तेही उन्हे वर आल्यावर आणि सोबतीने.

एक कबुली द्यायची तर, धावताना मला रान दिसतही नसे. चालताना नवरंग दिसायचा, अर्जुनाच्या सालीवरचे अस्वलाचे ओरखडे दिसायचे. धावताना फक्त पुढचे चार दगड दिसत.

मग धावायचे कुठे? रस्त्यावर, असे तुम्ही म्हणाल. तेही बघा. ७ ऑगस्ट २०२५ ला आरमोरी-गडचिरोली मार्गावर काटलीजवळ पहाटे व्यायामाला निघालेली मुले ट्रकखाली सापडली, चौघे गेले. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पहाटे रस्त्यावर धावणारी मुले-मुली दिसतात, ती काही हौशी नसतात. पोलीस भरतीत मुलींना आठशे मीटर धावावे लागते, वनरक्षकाच्या भरतीत तीन किलोमीटर, आणि शिवाय चार तासांत सोळा किलोमीटर चालून दाखवावे लागते. त्यांच्या घरची चूल त्या धावण्यावर पेटायची असते.

गंमत पाहा, १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायका आठशे मीटर धावल्या, तर पुरुषमंडळींनी ठरवून टाकले की हे स्त्रीदेहाला झेपत नाही, आणि ती शर्यत थेट १९६० पर्यंत बंद ठेवली. तेच आठशे मीटर आज आपल्या खेड्यातली पोर नोकरीसाठी धावते. साताऱ्याकडच्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओला तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत धावून दहावी आली. आणि बारामतीच्या लताबाई करे तर साठी उलटल्यावर, नऊवारी नेसून, अनवाणी धावल्या. नवऱ्याच्या औषधपाण्याला पैसे हवे होते म्हणून! त्यांच्यावर २०२० मध्ये चित्रपटही निघाला.

माझा प्रश्न सुटला तो आपल्याच गावात. आपला परकोट! सुमारे अकरा किलोमीटरचा घेर, जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा असे चार दरवाजे, आणि मी तीस वर्षे त्याच्या आतबाहेर भाजी आणत होते. झाडाझुडपांनी आणि कचऱ्याने तो इतका भरला होता की वर चढायची सोय नव्हती. २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या बंडू धोतरे आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी तो हातांनी साफ केला, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. बगड खिडकीच्या बाजूने वर चढले की खरी डोंगरवाट आहे: चढ, उतार, बुरुजाचा वळसा, दगडांच्या सांधीतले गवत. वाघ नाही आणि ट्रकही नाही.

आणि या परकोटाची आख्यायिका तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. खांडक्या बल्लाळशहा शिकारीला गेला असता एक ससा उलटा त्याच्या कुत्र्याच्या मागे लागला, दोघे वेड्यावाकड्या फेऱ्या घेत धावले, आणि राजाने ती हकीकत घरी सांगितली तेव्हा राणी म्हणाली की ज्या वाटेने ससा धावला त्याच वाटेने कोट बांधा. खरेखोटे इतिहासकार जाणोत. पण आपले गाव धावण्याच्या रेघेवर वसले आहे आणि ती रेघ एका बाईने ओळखली, हे मला परकोटावर धाप टाकताना हटकून आठवते.

आता ज्यासाठी उभी राहिले ते सांगते. गेल्या पावसाळ्यानंतर परकोटावर मला दोन मुली भेटू लागल्या. एक पोलीस भरतीची तयारी करते, दुसरी वनरक्षकाची. मी गेले तरच त्या येतात. एकट्यांना आया पाठवत नाहीत, आणि आयांचे चुकते असे मी म्हणणार नाही. माझी तब्येत बिघडली त्या आठवड्यात त्यांचा सराव बुडाला. मला पाहून त्या "काकू, उद्या याल ना?" असे विचारतात, तेव्हा माझ्या गुडघ्यांवर केवढा भार आहे ते मला कळते.

मंडळाच्या आपण चाळीसजणी आहोत. धावायला नको. रोज दोघींनी वर येऊन बसले, मटार सोलत बसल्या तरी चालेल, तर त्या दोघींच्या दहा होतील. चिटणीसबाईंच्या टेबलावर वही ठेवली आहे. वार आणि नाव लिहायचे. सोमवार आणि गुरुवार माझे आहेत. सकाळी साडेसहा वाजता, बगड खिडकीपाशी. पाणी घरून आणावे, वर नळ नाही.