म्हातारपणी मी का पळतो?
(साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



गेले वर्षभर तुम्ही मला पहाटे पाटाच्या कडेने पळताना पाहता. कुणी विचारतो, "गुरुजी, यष्टी चुकली काय?" कुणी माझ्या सुनेला विचारतो, "म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर हाय ना?" त्याचे उत्तर आज देतो.

येत्या जानेवारीत मुंबईला मोठी दौड आहे. तिला मॅरेथॉन म्हणतात. अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. म्हणजे नाशिकहून त्र्यंबकेश्वरला पळत जावे आणि तिथून अर्ध्या वाटेपर्यंत पळतच परत यावे. आपल्या जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१६ साली ऑलिंपिकमध्ये हीच दौड धावली. ती वाऱ्यासारखी धावते, मी बैलगाडीसारखा. पण मुंबईची दौड २००४ साली सुरू झाली, आणि तिची एक रीत आहे. धावणारा ओळखीच्या लोकांकडून एखाद्या चांगल्या कामासाठी पैसे गोळा करतो. मी कर्करोगाच्या, म्हणजे कॅन्सरच्या संशोधनासाठी गोळा करतो आहे.

का? ते सांगायचे तर आक्कापासून सुरुवात करावी लागेल.

आक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली. आक्कानेच मला वाढवले. तिच्या निंदणी-खुरपणीच्या मजुरीवर मी मॅट्रिक झालो. तिला मशेरीची सवय होती. सकाळी एकदा, दुपारी एकदा, रात्री निजताना एकदा. दर भाऊबीजेला मी लुगड्याबरोबर तंबाखूचा पुडा न्यायचो. ती तंबाखू तव्यावर भाजायची, कुटायची, डबी भरायची. म्हणायची, "मास्तर झाला तरी माझी आवड इसरला न्हाय." मला बरे वाटायचे. मीही तेव्हा तंबाखू खात होतो. वर्गातल्या पोराला पुडी आणायला पिटाळत होतो. ते पोर आज या वर्गात बसले आहे, म्हणून सांगून टाकतो.

२००७ साली आक्काच्या गालाच्या आत पांढरा चट्टा आला. दुखत नव्हता, म्हणून कुणी बघितला नाही. मग तिखट खाल्ले की आग व्हायला लागली. मग तोंड पुरते उघडेना. कुणी तुरटी सांगितली, कुणी हळद. एका ठिकाणी दाढ काढली. असे दीड वर्ष गेले. शेवटी मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात नेले. हे रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलो. तिथे सगळे आमच्यासारखेच.

डॉक्टरांनी विचारले, "आजी, मशेरी किती वर्षं?"

आक्का म्हणाली, "ल्हानपणापासनं."

"घरात कुणी अडवलं नाही?"

आक्काने माझ्याकडे पाहिले. म्हणाली, "माझी मीच आणायची." भाऊबीजेच्या पुड्याचे तिने नाव काढले नाही.

रोग मानेतल्या गाठींपर्यंत गेला होता. शस्त्रक्रिया झाली, शेक दिले. पुढच्या दिवाळीआधी आक्का गेली. त्या भाऊबीजेला मी घरीच बसून राहिलो. माझी तंबाखूची डबी त्याच दिवशी उकिरड्यावर टाकली.

परवा पारावर एकाने विचारले, "पळून कुणाचा रोग बरा होतो का?" प्रश्न रास्त आहे. पळून रोग बरा होत नाही. पळणारा माणूस दिसला की लोक थांबतात, विचारतात, खिशात हात घालतात. कॅनडा देशात टेरी फॉक्स नावाचा एक तरुण होता. हाडाच्या कॅन्सरमुळे १९७७ साली त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापला. कृत्रिम पाय लावून १९८० साली तो देश ओलांडायला निघाला. रोज सुमारे ४२ किलोमीटर. असा तो १४३ दिवस पळाला, ५,३७३ किलोमीटर. मग रोग फुप्फुसात उतरला आणि त्याला थांबावे लागले. १९८१ साली तो वारला, वय अवघे २२. त्याच्या नावाने आजही देशोदेशी दौडी होतात आणि संशोधनाला पैसा मिळतो.

आता संशोधन म्हणजे नुसती मोठाली यंत्रे, असे समजू नका. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ साली एक काम सुरू झाले. डॉक्टर नसलेल्या कार्यकर्त्यांना तोंड तपासायला शिकवले आणि घरोघरी पाठवले. हत्यार काय? उजेड आणि डोळे. काही पंचायतींत अशी तपासणी केली, काहींत केली नाही. एकूण १ लाख ९० हजारांवर माणसे. २००५ साली हिशेब जाहीर झाला. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत, तपासणी झालेल्या भागात, तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले होते. म्हणजे जिथे तिघे जायचे तिथे दोघे गेले. तिसरा वाचला. टाटा रुग्णालयानेही मुंबईच्या वस्त्यांत बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी साध्या शिरक्याने करून पाहिली. दीड लाख बायका, काम पंधरा वर्षांचे. तिथेही मृत्यू घटले.

हे वाचले तेव्हा मला आक्काचा तो चट्टा आठवला. दीड वर्ष तो तिच्या गालात होता. मी दर महिन्याला तिच्याकडे जात होतो, चहा पीत होतो. "आक्का, आ कर" एवढे म्हणायला मला कुणी शिकवले नव्हते.

तर हे माझे कारण. गेल्या वर्षी मी २१ किलोमीटर पुरे केले. आता तीस होतात, पुढे गुडघा कुरकुरतो. जानेवारीत सगळे अंतर होईल की नाही, सांगवत नाही. पैशांचे मात्र सांगतो. आजवर २७ हजार ३४० रुपये जमले. त्यात खुरपणीच्या बायकांचे दहा-दहा रुपयेही आहेत. नावानिशी सगळा हिशेब वर्गाच्या फळ्यावर लिहिला आहे. तुम्हाला आता वाचता येते. आपापले नाव आणि आकडा वाचून बघा, चुकले असेल तर सांगा.

येत्या मंगळवारी आरोग्यसेविका ताई विजेरी घेऊन शाळेत येणार आहेत. तोंड बघतील, दुखत नाही, पैसा लागत नाही. रांगेत पहिला मी बसणार. बावीस वर्षे तंबाखू खाल्ली आहे, मलाही भीती आहेच. माझ्यामागे कोण बसतो, ते आज उठण्यापूर्वी सांगा, म्हणजे मी वहीत नावे लिहून घेतो.