पत कोणाची, नाव कोणाचं?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर. सभेला येऊ न शकलेल्या तायांसाठी इथे देत आहोत.)



आज मला एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. शब्द इंग्रजी आहे, पण तो आता तुमच्याआमच्या घरात आला आहे. तो म्हणजे 'क्रेडिट'.

लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये आले की मोबाईलवर संदेश येतो, खात्यात क्रेडिट झाले. म्हणजे पैसे आले. बँकेचे साहेब म्हणतात, तुमच्या गटाचं क्रेडिट लिंकेज झालं. म्हणजे कर्ज मिळालं. आणि ग्रामसभेत कुणी म्हणतं, या कामाचं क्रेडिट अमक्या भाऊंना जातं. म्हणजे शाबासकी. बघा, शब्द एकच. एका ठिकाणी पैसे आले, दुसऱ्या ठिकाणी डोक्यावर कर्ज झालं, तिसऱ्या ठिकाणी नाव झालं. मग मोबाईलवर 'तुम्हाला ५०,००० रुपयांचं क्रेडिट मंजूर' असं वाचलं, तर बाईला वाटणारच की काहीतरी मिळालं. मिळालं काही नाही, तायांनो. ते कर्ज आहे.

आपल्या मराठीत मात्र यासाठी वेगवेगळे शब्द आहेत. ते नीट वापरले तर अर्धी फसवणूक तिथेच थांबते.

पहिला शब्द, उसनं. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली, वाटीभर परत दिली. व्याज नाही, कागद नाही.

दुसरा, उधार. माल आज, पैसे नंतर. जूनमध्ये कृषी केंद्रातून बियाणं आणि खत आणायचं, आणि कापूस विकला की पैसे द्यायचे. आपले कास्तकार वर्षानुवर्षं हेच करतात. पण रोखीचा भाव आणि उधारीचा भाव वेगळा आहे का, हे किती जणी विचारतात? त्या दोन भावांतला फरक म्हणजेच व्याज. उधारीचे पोते सव्वा हात रिते, ही म्हण उगाच पडलेली नाही.

तिसरा, कर्ज. इथे कागद आला, तारीख आली, व्याज आलं. पूर्वी धान्याच्या कर्जाला दिढी असायची. एक पायली नेली की सुगीला दीड पायली परत. आता टक्के आले. एक हिशोब घरी जाऊन वहीवर करून पाहा. १०,००० रुपये, १० महिने, शेकडा २ रुपये महिना. दर महिन्याला १,००० रुपये मुद्दल फिटत असेल आणि व्याज फक्त उरलेल्या रकमेवर असेल, तर एकूण व्याज १,१०० रुपये. तेच व्याज शेवटपर्यंत पूर्ण १०,००० वर लावलं, तर २,००० रुपये. तोंडाने सांगितलेला दर एकच, आणि फरक ९०० रुपयांचा. म्हणून "टक्का किती?" एवढं विचारून थांबू नका. "टक्का कशावर?" हेही विचारा.

चौथी जोडी आपल्या पुस्तकातली, जमा आणि नावे. आपली बचत बँकेत जमा असते, म्हणजे बँक आपलं देणं लागते. कर्ज मात्र आपल्या नावे पडतं. 'नावे' हा शब्द नीट ऐका. कर्ज कुणाच्या तरी नावावर असतं. पैसे कुणी का वापरेना, फेड त्या नावाकडूनच मागितली जाते.

आणि पाचवा शब्द, या सगळ्यांचा मूळ पुरुष म्हणा की मूळ माय म्हणा, तो म्हणजे पत. पतपुरवठा, पतसंस्था, पतपेढी, सगळे शब्द त्यातूनच आले. क्रेडिट या शब्दाचं मूळही लॅटिन भाषेतल्या 'विश्वास ठेवणे' या अर्थाच्या शब्दात आहे. म्हणजे दोन्हीकडे गोष्ट एकच, विश्वास.

पण बाईच्या वाट्याला ही पत कशी आली? "घराची पत राख" असं लग्न होऊन आलेल्या प्रत्येक मुलीला सांगितलं. पत राखायची तिने, मोजली जायची मात्र घरातल्या माणसाची. सातबारा त्याचा, सही त्याची. बँक तारण मागायची आणि बाईच्या नावावर तारण ठेवायला काही नव्हतं.

१९९२ मध्ये नाबार्डने बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, सुरुवात ५०० गटांपासून. कर्ज विनातारण. मग बँकेने विश्वास कशावर ठेवला? नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. आपली पंचसूत्री! तुमचं इतिवृत्ताचं रजिस्टर हेच तुमचं तारण आहे. ही पत तुम्हाला सासरने दिली नाही, माहेरनेही नाही. ती तुम्ही बैठकीला बसून कमावली.

कमावलेली पत जाते कशी, तेही सांगते. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांविरुद्ध उठले आणि दंगा गावोगाव पसरला. त्यांना मुख्यतः हवी होती कर्जखतं. ती मिळवून त्यांनी जाळली. वाचता न येणाऱ्या माणसाने ज्यावर अंगठा दिला, त्या कागदानेच त्याचं वावर नेलं होतं. पुढे १८७९ मध्ये त्यासाठी कायदा करावा लागला. आज अंगठ्याच्या जागी मशीन आली आणि मोबाईलवर ओटीपी आला. पण न वाचता 'हो' म्हणणं तेच आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या गावात रोज घडते. "ताई, तुझ्या नावावर उचल दे, हप्ता मी भरते." किंवा घरचे म्हणतात, "तुझ्या नावावर लवकर मिळते, गाडीसाठी घेऊन टाक." पहिले चार हप्ते येतात, पाचवा येत नाही. बँकेच्या आणि फायनान्स कंपनीच्या कर्जाची नोंद पत माहिती कंपन्यांकडे जाते. सिबिल ही त्यातलीच एक. तिथे ३०० ते ९०० मध्ये गुण मिळतात. तिथे गाडी कोण चालवतो हे लिहिलेलं नसतं, फक्त तुमचं नाव असतं. दोन वर्षांनी तुम्हाला स्वतःच्या शेळ्यांसाठी कर्ज हवं असेल, तेव्हा साहेब म्हणतील, "बाई, तुमचं सिबिल खराब आहे."

मी असं म्हणत नाही की घरासाठी कर्ज घेऊ नका. घर आपलंच आहे. पण कर्ज आपल्या नावे आणि वस्तू दुसऱ्याच्या नावे, हा कोणता हिशोब? कर्ज तुमच्या नावावर असेल, तर गाडीच्या कागदावर, दुकानाच्या पाटीवर, गोठ्याच्या नोंदीवरही तुमचं नाव असू द्या. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मी मुक्ती' मोहिमेत शेतकऱ्यांना हेच सांगितलं होतं, जमीन घरच्या लक्ष्मीच्या नावे करा. श्रेय म्हणजे हारतुरे नव्हेत. श्रेय म्हणजे कागदावर नाव.

आता चार कामं लिहून घ्या.

एक, वर्षातून एकदा आपला पत अहवाल मागवा. प्रत्येक पत माहिती कंपनीने तो वर्षाला एकदा फुकट द्यायचा आहे. एजंटला पैसे देऊ नका. न घेतलेलं कर्ज त्यात दिसलं, तर लगेच तक्रार करा.

दोन, लहान कर्ज घेताना माहितीपत्रक आणि कर्ज कार्ड मागा. ते तुम्हाला समजेल अशा भाषेत द्यावं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. हे कर्ज विनातारण असतं आणि मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. सगळे हप्ते मिळून घरच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत.

तीन, अशा लहान कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करणं नियमाबाहेर आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं, तर रिझर्व्ह बँकेकडे जा. त्यांचा फोन नंबर १४४४८. बिनपरवाना सावकाराची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते. त्यासाठी २०१४ चा कायदा आहे.

चार, पुढच्या बैठकीत प्रत्येकीने एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं आणि सचिव ताईंनी ते रजिस्टरमध्ये लिहायचं. माझ्या नावावर किती कर्ज आहे, आणि माझ्या नावावर दुसरं काय आहे?

काही जणींचं उत्तर ऐकून बैठक गप्प होईल. होऊ द्या. त्या गप्प बसलेल्या ताईच्या घरी पुढच्या आठवड्यात दोघी-तिघी मिळून जा आणि तिचे कागद तिच्यासोबत वाचा. गट त्यासाठीच असतो.