उतराई होता येत नाही, म्हणून वाकायचं

(दिंडीच्या शताब्दी सांगता सोहळ्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी काही कीर्तनकार नाही. टाळ वाजवणारा शेतकरी माणूस. मंडळींनी सांगितलं, दिंडीला शंभर वर्षं झाली, तुम्ही दोन शब्द बोला. विषय विचारला, तर म्हणाले, कृतज्ञता. शब्द भारी आहे. आपल्याकडं त्याला साधं बोलणं आहे, उपकाराची आठवण ठेवणं. आणि ते फेडता आले, तर त्याला म्हणायचं उतराई होणं. आता मला सांगा, शंभर वर्षांत आपल्या दिंडीनं जे खाल्लं, प्यायलं, ज्यांच्या अंगणात पाठ टेकली, त्याची उतराई कोण होणार? हिशोबाच्या वहीत ते मावायचं नाही. मग ज्याला फेडता येत नाही, त्यानं करावं काय? वारीनं त्याला एकच गोष्ट शिकवली आहे. वाकायचं.

बघा, आपल्यात पाया पडायची रीत कशी आहे. बाहेर लहान मोठ्याच्या पाया पडतो. वारीत बुक्का लावला, की दोघंही एकदमच खाली वाकतात. सत्तर वर्षांचा म्हातारा अठरा वर्षांच्या पोराच्या पायाला हात लावतो. सासू सुनेला माउली म्हणते. सरपंच पाण्याच्या टँकरवाल्याला माउली म्हणतो. नाव, गाव, जात, जमीन किती, काही विचारायच्या आत वाकून मोकळं व्हायचं. हे ज्यांनी घालून दिलं, ती माणसं फार शहाणी होती. कारण आधी विचारपूस केली, की मग कुणापुढं वाकायचं आणि कुणापुढं नाही, असा हिशोब मनात सुरू होतो.

आता वाटेवरच्या देणाऱ्यांची आठवण काढू. आळंदी ते पंढरपूर, अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींचं प्रस्थान होतं, त्याच्या आदल्या दिवशी देहूहून तुकोबारायांचं. ऐन पेरणीचे दिवस. वाटेवरचा शेतकरी स्वतःच्या पेरणीची घाई बाजूला ठेवून आपल्याला रान मोकळं करून देतो. तिथं आपण तंबू ठोकतो, चुली पेटवतो, ट्रक उभे करतो. पाऊस झालेला असला, तर चाकांनी रानाचं काय होतं, हे शेतकऱ्याला सांगायला नको. तो मात्र आपल्यालाच विचारतो, "माउली, पाणी पुरलं का?"

दिवेघाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावल्या जातात. ती कुणाची तरी पोटच्या पोरासारखी जपलेली जनावरं असतात. तुकोबांच्या वाटेवर यवतला गावकरी पिठलं-भाकरी घालतात. किती घरांतल्या बाया पहाटेपासून भाकऱ्या थापत असतील! काटेवाडीला परीट समाजाची मंडळी पालखीखाली धोतरांच्या पायघड्या घालतात, आणि मेंढपाळ आपली मेंढरं घेऊन पालखीभोवती रिंगण करतात. ज्याच्याजवळ जे आहे, ते तो देतो. धोतर असेल तर धोतर, मेंढरं असतील तर मेंढरं. पुण्यात कारागीर रस्त्याच्या कडेला बसून वारकऱ्यांच्या चपला शिवून देतात, कुणी दाढी करून देतो, कुणी पाय चेपतो. रिंगणात धावणारा माउलींचा अश्व तर कर्नाटकातून येतो, अंकलीच्या शितोळे सरकारांकडून. तिथून आळंदीपर्यंत चालत येतो. त्याच्या टापांखालची माती आपण कपाळाला लावतो. म्हणजे आपल्या कपाळाच्या मातीतसुद्धा दुसऱ्या मुलखाचा उपकार आहे.

यात एक बारीक गोष्ट आहे. भाकरी वाढणारी बाई काय म्हणते? "घ्या माउली, आमची एवढी सेवा घ्या." आपण घेतलं, हा तिच्यावर उपकार, असं तिचं बोलणं. आणि खाणारा उठताना तिच्या पायाला हात लावतो. आता यात देणारा मोठा का घेणारा? ठरवताच येत नाही. तेच खरं. देणाऱ्याला मोठेपण चढू नये आणि घेणाऱ्याला कमीपणा वाटू नये, अशी ही व्यवस्था आहे.

देणं त्या मानानं सोपं असतं, मंडळी. घेणं अवघड. घरी दहा एकरांचा बागायतदार, चार माणसं हाताखाली. तो वारीत कुणाच्या तरी ओसरीवर पत्रावळ मांडून बसतो, आणि वाढणारी पोर म्हणते, थांबा जरा, भात येतोय. तो थांबतो. वर्षात बहुतेक एवढ्या एकाच दिवशी तो जेवणासाठी थांबत असेल. जोग महाराजांनी 1917 साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथले विद्यार्थी माधुकरी मागून जेवायचे आणि शिकायचे. कीर्तनाला उभं राहण्याआधी दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं. भाकरीचा तुकडा झोळीत घेताना जी मान खाली जाते, ती पुढं हजारो लोक पाया पडायला लागले तरी ताठ होऊ नये, असा त्यातला अर्थ मला वाटतो.

आपल्या परंपरेत मोठी माणसं पायऱ्या झाली. पंढरीच्या महाद्वारात नामदेवरायांची पायरी. आळंदीला हैबतबाबांची पायरी. हैबतबाबा आरफळकर, शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार. आज जो पालखी सोहळा आपण बघतो, त्याची घडी त्यांनी बसवली. घोडा, शिस्त, दिंड्यांचा क्रम, सगळं त्यांच्या नजरेतून आलं. आणि शेवटी जागा कुठं घेतली, तर माउलींच्या दारातल्या पायरीशी. ज्याच्यामुळं सोहळा उभा राहिला, तो दारात आडवा झाला, आणि आपण आत जातो. ज्ञानेश्वरी संपताना लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचं नाव आलेलं आहे. सांगणारे ज्ञानदेव, पण ज्यानं बोरू धरला, त्याचं नावही सातशे वर्षं टिकलं. हा आपला कित्ता आहे.

तो दिंडीला लावून बघा. विणेकरी सगळ्यांना दिसतो, आणि दिसायलाच पाहिजे, वीणा खाली ठेवायची नसते. पण पहाटे दोनला उठून चूल पेटवणारी बाई कुणाला दिसते? आपण अंघोळ करून गंध लावेपर्यंत तिचा चहा झालेला असतो. सामानाच्या ट्रकचा ड्रायव्हर पुढच्या मुक्कामाला जाऊन, जागा धरून, तंबू लागेपर्यंत उन्हात उभा असतो, आणि पंगतीत शेवटी बसतो. आणि जे वारीला आलेच नाहीत, त्यांचं काय? आपण वीस दिवस घराबाहेर. त्या वीस दिवसांत धार कोण काढतं? म्हाताऱ्या आईचं औषधपाणी कोण बघतं? पेरणी कुणी उरकली? धाकटा भाऊ, सून, शेजारी. त्यांच्या पायांनी आपण चाललो. अरणच्या सावता महाराजांची गोष्ट लक्षात घ्या. मळ्यातच त्यांना देव दिसला, आणि आजही रीत अशी आहे की सावतोबांची पालखी पंढरीला येत नाही, पांडुरंगाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला जाते. घरी राहिलेला माणूस वारीत कमी नाही, हे देवानंच सांगितलेलं आहे. तेव्हा घरी गेल्यावर माळ आणि बुक्का आधी त्यांना लावा. पाया त्यांच्या पडा.

कुणी म्हणेल, चांगलं वागणाऱ्याचे उपकार मानणं ठीक, वाईट वागणाऱ्याचं काय? नाथांची कथा तुम्ही कीर्तनात कितीदा ऐकली आहे. गंगेवरून स्नान करून येणाऱ्या नाथांच्या अंगावर एक माणूस पुन्हा पुन्हा थुंकला. नाथ पुन्हा पुन्हा परत फिरले, स्नान करून आले. शेवटी तोच थकला आणि पायांवर पडला. नाथांनी त्याचेच उपकार मानले, तुझ्यामुळं आज इतक्या वेळा गंगास्नान घडलं म्हणून. एवढं मन आपलं नसेल. पण पुढच्या दिंडीतल्या माणसाचा धक्का लागला, तंबूच्या दोरीवरून वाद झाला, कुणी पाण्याच्या रांगेत मध्ये घुसलं, तेवढ्यापुरतं तरी नाथांना आठवावं.

याचा अर्थ अन्याय गिळून गप्प बसावं असा नाही बरं का. आपली समाज आरती बघा. मुक्कामाला सगळ्या दिंड्या गोल जमतात, चोपदार दंड उंच करतात आणि एवढा मोठा समुदाय क्षणात शांत होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिथं जातात, म्हणणं ऐकतात, निवाडा होतो. त्याच आरतीत हरवल्या-सापडल्याचा पुकारा होतो. कुणाला पिशवी सापडली, कुणाला पैशाचं पाकीट, तो आणून देतो. तक्रार ऐकून घेणं आणि सापडलेलं परत देणं, दोन्ही एकाच जागी. नम्र माणूस मुका नसतो. त्याचा टाळ वाजतो, पण निवाडा झाला की थांबतोही.

आता जरा अवघड जागेवर येतो. ज्या संतांचे उपकार आपण रोज गातो, त्यांच्यातल्या चोखोबांना त्या काळच्या लोकांनी मंदिरात येऊ दिलं नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना ते भिंतीखाली गेले. परंपरा सांगते, नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. दारासमोर, पण दाराबाहेर. त्यानंतर सहाशे वर्षं चोखोबांची माणसं त्या समाधीपाशीच थांबली. 1947 साली साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. तनपुरे महाराजांनी त्यांना आपल्या मठात जागा दिली, आणि मग मंदिराची दारं सगळ्यांना उघडली. आपली दिंडी तेव्हाही चालत होती. म्हणजे या शंभर वर्षांतली पहिली काही वर्षं आपले लोक आत जात होते आणि त्याच वाटेनं आलेले दुसरे वारकरी बाहेरून कळस बघून परत फिरत होते. उपकार मानायचे आणि दार लावून घ्यायचं, हे दोन्ही एका माणसाला जमू शकतं. म्हणून आज बोलायला पाहिजे.

आपल्यासमोर एक प्रश्न आहे, सगळ्यांना माहीत आहे. भिशी भरलेल्यांचीच यादी करावी, पास द्यावेत, आणि ज्याच्याजवळ पास नाही त्याला पंगतीत बसवू नये, असं काही मंडळींचं म्हणणं आहे. ते वाईट हेतूनं बोलत नाहीत. गॅस, किराणा, डिझेल, तंबूचं भाडं, सगळं वाढलंय. खजिनदारांना शेवटच्या चार मुक्कामांची झोप येत नाही. भिशी भरलेला माणूस उपाशी राहिला, तर तेही बरोबर नाही. हिशोब हवाच. यादीही करा.

पण माझी पदर पसरून विनंती आहे, शेवटची पंगत मोकळी ठेवा. आपल्या यादीतली माणसं जेवली, की मग जो येईल त्याला बसू द्या. मोकळा चालणारा वारकरी असतो, त्याला दिंडी नसते. खांद्यावर एक पिशवी, पायात तुटकी चप्पल. त्याला गाव विचारू नका, आडनाव विचारू नका, पावती विचारू नका. शंभर वर्षं वाटेवरच्या गावांनी आपल्याला पावती विचारली नाही. यवतच्या बाईनं भाकरी वाढताना पास मागितला असता तर? आपल्याला मिळालेलं तिला परत देता येत नाही, ती तर आपल्याकडून काही घेतही नाही. मग ते पुढच्याला द्यायचं. उतराई होण्याची एवढी एकच वाट मला दिसते.

खर्चाचं म्हणाल, तर आमच्या आळीतल्या घरांनी मिळून शेवटच्या पंगतीचे तांदूळ आणि डाळ द्यायचं ठरवलं आहे. बाकी आळ्यांनी तेल-मिठाचं बघावं.

आणखी दोन-तीन बारक्या गोष्टी. मुक्काम हलवताना ज्याचं रान, त्याच्या घरी जाऊन राम कृष्ण हरी करून निघायचं, आणि निघण्याआधी पत्रावळ्या, प्लास्टिकचे पेले, बाटल्या आपल्या हातांनी गोळा करायच्या. आपण गेल्यावर तो शेतकरी तिथं नांगर धरणार आहे. या स्मरणिकेत देणगीदारांची नावं छापली जातील, छापावीत. पण त्यांच्या आधी मुक्कामाच्या गावांची नावं छापा. आणि ड्रायव्हर, आचारी, पाणी वाहणारी पोरं यांना एक दिवस पहिल्या पंगतीत बसवून विश्वस्तांनी वाढावं.

वारीचा शेवट कशानं होतो? पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो. काल्यात प्रत्येकाच्या शिदोरीतलं थोडं थोडं एकत्र होतं. कुणाच्या लाह्या, कुणाचं दही, काही ओळखू येत नाही. ज्याला ओळखू येतं की हे माझं, त्याला काला कळलाच नाही. आपली दिंडी शंभर वर्षांचा काला आहे. त्यात माझं किती, तुमचं किती, हे शोधत बसू नका. हात पुढं करा, मिळेल ते घ्या, आणि शेजारच्याच्या हातावर ठेवा.

बोलण्यात अधिक-उणं झालं असेल तर लेकरू समजून पोटात घाला.

राम कृष्ण हरी!