ओढ्यावरचा साकव



ओरिएंटियरिंग हा स्वीडन-नॉर्वेच्या जंगलातला खेळ. हातात नकाशा आणि होकायंत्र. झाडीत ठिकठिकाणी टांगलेली पांढरी-नारिंगी निशाणं ठरल्या क्रमानं गाठायची. मधली वाट ज्यानं त्यानं शोधायची. लष्करी सरावातून निघालेल्या या खेळाची पहिली खुली स्पर्धा १८९७ साली नॉर्वेत झाली. पुढे १९१९ मध्ये अर्न्स्ट किलांडर यांनी स्टॉकहोमजवळ मोठी स्पर्धा भरवली. मैदानाला कंटाळलेल्या पोरांनी निदान रानात तरी पळावं, हा त्यांचा हेतू.

यातली मला सर्वांत आवडलेली युक्ती सांगतो. समजा, ओढ्यावरच्या साकवापाशी पोचायचंय. होकायंत्र साकवावर रोखून निघालात, तरी झाडं-खडक चुकवताना पाच अंशांचा फरक सहज पडतो. म्हणजे किलोमीटरभरात जवळजवळ नव्वद मीटर. ओढा लागतो, साकव दिसत नाही. आता डावीकडे जायचं की उजवीकडे? म्हणून जाणता खेळाडू नेम मुद्दाम साकवाच्या बराच डावीकडे धरतो. ओढा लागला की डोळे मिटून उजवीकडे वळायचं. (डोळे मिटून हे बोलण्यापुरतं, ओढ्याकाठी शेवाळ असतं!)

आपल्या सह्याद्रीत ही युक्ती उपयोगी पडते, विशेषतः ढोरवाटांनी चकवलं की. पण नकाशातला फरक ध्यानात ठेवायला हवा. स्पर्धेचा नकाशा साधारण १:१५,००० प्रमाणाचा, समोच्च रेषा पाच-पाच मीटरवर. सर्व्हे ऑफ इंडियाचा आपल्याकडे वापरतात तो १:५०,००० चा, त्यात दोन रेषांमध्ये वीस मीटर. पंधरा मीटरचा कातळटप्पा त्या फटीत बेमालूम लपू शकतो. कागदावर डोंगराची सोंड सुरेख उतरते, प्रत्यक्षात पायाखाली कडा! मोबाईलवरचा ठिपकाही तिथं उपयोगाचा नाही. तुम्ही कुठं उभे आहात एवढंच तो सांगणार.

शिकायचं असेल, तर गावाजवळची ओळखीची टेकडी दिवसाउजेडी निवडा. नकाशा उत्तरेला जुळवून धरा, आपण असू तिथं अंगठा ठेवा आणि चालाल तसा तो सरकवत राहा. वळण घेतलंत की नकाशाही फिरवा, मग त्यावरची अक्षरं उलटी दिसली तरी चालतील. पुढं काय लागणार, ओढा की खिंड, हे आधी मोठ्यानं बोला. बोललात ते समोर आलं नाही, तर तिथंच थांबा आणि शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागं या.