माणसांच्या गाडीतली वाघीण



मालगाडीच्या डब्याला आपण वाघीण म्हणतो. इंग्रजी ‘वॅगन’ मराठी माणसाच्या तोंडी बसताना तिची वाघीण झाली. डरकाळी मात्र इंजिनाकडेच राहिली. आज मी बोलणार आहे ते उतारूंच्या गाडीला जोडलेल्या वाघिणीविषयी.

मी तेरचा. गोरोबाकाकांचे तेर हीच आपली ओळख. पण त्याच्याही कितीतरी आधी हे गाव ‘तगर’ या नावाने सातासमुद्रापार ठाऊक होते. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रीक प्रवासवृत्तात लिहिले आहे, की भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे फार मोठे नगर. तिथले साधे कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला नेत. हे तगर म्हणजेच तेर, असे फ्लीट या संशोधकाने १९०१ साली मांडले. आता मला सांगा, त्या तांड्यात माल एकीकडे आणि धनी दुसरीकडे, असे कुणी जात असेल काय? गाठोड्यावरच उशी करून तो निजत असेल!

आमच्या भागात आगगाडी आली तीही याच रीतीची. बार्शी लाईट रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झाली, १९११ साली लातूरला पोचली. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. कॅलथ्रॉप या इंजिनिअरने ती आखली. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, मग तो इंजिनाचा असो, उतारूंच्या डब्याचा असो की वाघिणीचा, असा त्याचा हिशेब. गाडीची चाल बेताची. त्यामुळे माणसांचे डबे आणि वाघिणी एका माळेत सुखाने चालत. तिला म्हणायचे मिक्स गाडी.

आमचे आजोबा सांगत, की स्टेशनात वाघीण सोडण्याजोडण्याचे काम सुरू झाले, की उतारू खाली उतरून चिलमी पेटवीत. कोणी इंजिनवाल्याला चार शिव्याही हासडी. पण त्याच गाडीत एखाद्या कुणब्याची दहा पोती तूर असायची, आणि तो स्वतः चार डबे मागे बसलेला असायचा. लातूरला उतरला, की पोती मोजून घ्यायची आणि थेट अडत गाठायची. मधे दलाल नाही, वाट पाहणे नाही. ज्याला पुरी वाघीण भरता येत नाही, त्याची ही गाडी होती. उतारूंचा अर्धा तास जाई, हे खरेच. मला तरी तो सौदा महाग वाटत नाही.

ही कंपनी १९५४ साली सरकारजमा झाली. पुढे रूळ रुंद झाले आणि २००८ पर्यंत लातूर-कुर्डुवाडी मार्ग मोठ्या गाडीचा झाला. लातुरात रात्री बसावे, सकाळी मुंबईत उतरावे. या सोयीला मी नावे ठेवणार नाही. पण साधी वाघीण या वेगाच्या गाडीला जोडता येत नाही. तिची चाके, तिचे स्प्रिंग, तिचे ब्रेक त्या धावेचे नसतात. म्हणून लांब पल्ल्याच्या गाड्यांना उतारूंच्या डब्यासारख्याच बांधणीचा पार्सलचा डबा जोडतात. त्यात तेवीस टनांच्या आसपास माल मावतो. तो नसेल तर गार्डाच्या डब्याशेजारची लगेजची खोली, साधारण चार टनांची. चार टन म्हणजे चाळीस क्विंटल. दहा पोत्यांना पुरून उरेल! मात्र गाडी दोन मिनिटे थांबणार. तेवढ्यात पोती चढवायची कुणी?

वाट अगदीच बंद राहिली असे नव्हे. याच जुन्या बार्शी लाईटच्या पंढरपूर-मिरज फाट्यावर सांगोला आहे. तिथून २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे थेट बंगालमधल्या शालिमारला निघाली. फळे आणि भाजी एकाच गाडीत, वेळापत्रक ठरलेले, भाड्यात तेव्हा निम्मी सूट होती, आणि कमीत कमी इतकाच माल हवा अशी अट नव्हती. सांगोल्याचे डाळिंब असे दूर गेले. पण ती सगळी गाडीच मालाची. तितका माल एका ठिकाणी जमे तिथे ती शोभे.

माझ्या भाच्याकडे शेवग्याच्या शेंगांचे बारा गठ्ठे होते. पुण्याला पाठवायचे म्हणून तो जवळच्या एका स्टेशनावर गेला. ‘इथे पार्सल घेत नाही, मोठ्या स्टेशनाला जा,’ असे उत्तर मिळाले. तिथवर टेम्पोने नेऊन उतरवायचे, पुन्हा चढवायचे, आणि पुण्यात परत टेम्पो करायचा! त्याने तोच टेम्पो सरळ पुण्याला नेला. भाड्यात शेंगांचे निम्मे पैसे गेले. रात्री वाटेत एका फाटकापाशी थांबावे लागले, तेव्हा समोरून एक्सप्रेस गेली. शेवटच्या डब्याचे लगेजचे दार बंद होते. ‘मामा,’ तो मला म्हणाला, ‘आत माल होता का रिकामंच होतं, ते काही दिसलं नाही.’