हाताच्या कामाला खात्याची जोड

(बांधकाम व्यवसायात उतरणाऱ्या मुलामुलींच्या पालकांसाठी आणि खातेदारांसाठी कुंभकोणम येथे दिलेले व्याख्यान)



तंजावरच्या मोठ्या देवळात आपल्यापैकी जवळजवळ सगळेच जाऊन आले असतील. सरफोजी महाराजांनी १८०३ साली त्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. कुठल्या राजानंतर कोण गादीवर आला, हे आजही तिथे वाचता येते. पण ज्या पाथरवटांनी छिन्नी चालवली, त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत. दारासुरमचे देऊळ तर इथून अगदी जवळ. २००४ पासून त्याची गणना जागतिक वारशात होते. त्याच्या कारागिरांचेही तेच.

ही जुनी गोष्ट झाली, असे म्हणून सोडून देता येत नाही. आज तुमचा मुलगा दहा वर्षे सळई बांधतो, फरशी बसवतो, प्लास्टर करतो. या दहा वर्षांचा त्याच्याकडे पुरावा काय? मुकादमाच्या वहीतली हजेरी. काम संपले की मुकादम जातो आणि त्याच्याबरोबर वहीही जाते. मुलाच्या हातात कसब असते, पण कागद एकही नसतो. मग बँक कर्ज देताना विचारात पडते, अपघात झाला तर भरपाई कुठे मागायची ते कळत नाही आणि साठीनंतर हात रिकामे राहतात.

म्हणून आज मी एकच गोष्ट सांगणार आहे. मूल बांधकामाच्या कामात जाणार असेल तर पहिल्या दिवसापासून त्याच्या कामाची नोंद झाली पाहिजे: शिक्षणाची, मजुरीची आणि कामाच्या दिवसांची. याला पैसा थोडाच लागतो, लक्ष मात्र द्यावे लागते.

शिकून जा, शिकत राहू नका

दहावीनंतर मुलाला सरळ साइटवर बिगारी म्हणून पाठवायचे आणि ‘बघून बघून शिकेल’ म्हणायचे, ही आपली नेहमीची पद्धत. काही जण शिकतात, पण पुष्कळ जण वर्षानुवर्षे घमेलेच उचलत राहतात. शिवाय अठरा पूर्ण होण्याआधी मुलाला साइटवर पाठवूच नये.

आयटीआयमध्ये गवंडीकाम, सुतारकाम आणि प्लंबर हे अभ्यासक्रम एक वर्षाचे आहेत. वायरमन आणि इलेक्ट्रिशियनला दोन वर्षे लागतात. गवंडीकाम आणि प्लंबरसाठी आठवी पास असले तरी चालते. तमिळनाडूच्या सरकारी आयटीआयमध्ये शिक्षण फुकट आहे आणि महिन्याला ७५० रुपये विद्यावेतन मिळते. सहावीपासून सरकारी शाळेत शिकलेल्या मुलींना ‘पुदुमै पेण्ण’ आणि मुलांना ‘तमिळ पुदल्वन’ या योजनांतून महिन्याला १,००० रुपये मिळतात, आणि त्या आयटीआयलाही लागू आहेत. ही रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते. त्यामुळे खाते मुलाच्या स्वतःच्या नावावर असावे आणि आधारशी जोडलेले असावे.

एक वर्ष शिकण्यात घालवले तर कमाई बुडते, असे आईवडील म्हणतात. हिशेब करू. समजा, बिगाऱ्याच्या आणि कसबी गवंड्याच्या रोजात ३०० रुपयांचा फरक आहे. वर्षात २५० दिवस काम मिळाले तर तो फरक ७५,००० रुपये होतो, आणि दरवर्षी होतो. शिकण्यात गेलेले एक वर्ष किती लवकर भरून निघेल ते तुम्हीच ठरवा.

जो मुलगा बापाच्या हाताखाली आधीच शिकला आहे, त्याला पुन्हा वर्षभर शाळेत बसायची गरज नाही. अंगात असलेल्या कसबाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत आहे. विजेच्या कामाला राज्याच्या विद्युत परवाना मंडळाचा परवाना लागतो. तो नसेल तर मुलगा कायम दुसऱ्याच्या नावावर काम करत राहील.

मुलींविषयीही बोलले पाहिजे. आपल्या भागात साइटवर काम करणाऱ्या बाईला ‘सित्ताळ’ म्हणतात. ती तरुणपणी विटा वाहायला लागते आणि म्हातारपणीही विटाच वाहते. तिच्या शेजारी उभा असलेला मुलगा मात्र काही वर्षांत ‘कोत्तनार’, म्हणजे गवंडी होतो. झारखंडमध्ये शौचालये बांधताना बायकांना गवंडीकाम शिकवले गेले आणि त्या ‘राणी मिस्त्री’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. थापी आणि ओळंबा धरायला पुरुषाचाच हात लागतो, असे मुळीच नाही. मुलगी वायरमन किंवा टाइल्सचे काम शिकते म्हणाली तर तिला अडवू नका.

शनिवारची मजुरी, सोमवारचे पासबुक

आठवड्याची मजुरी शनिवारी संध्याकाळी रोख मिळते आणि रविवारी रात्रीपर्यंत तिच्यातली बरीचशी गेलेली असते. ठेकेदाराला सांगा, पैसे खात्यात टाका किंवा यूपीआयने द्या. तो नाही म्हणाला तर रोख घ्या, पण सोमवारी त्यातला ठरलेला भाग स्वतः खात्यात भरा. बँकेत जायला वेळ नसेल तर गावातल्या बँक मित्राकडे भरा. खाते मूलभूत बचत खाते असले की किमान शिल्लक ठेवायचे बंधन नसते.

असे वर्षभर केले की पासबुकच बोलू लागते. दर आठवड्याला रक्कम जमा होताना दिसली की बँकेला कळते, हा माणूस नियमित कमावतो. पुढे हत्यारांसाठी किंवा छोट्या ठेकेदारीसाठी कर्ज मागताना हेच पासबुक उपयोगी पडते. मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळते.

कामाच्या प्रत्येक दिवशी ५० रुपये बाजूला टाका. महिन्याला २५ दिवस धरले तर १,२५० रुपये होतात. त्याची आवर्ती ठेव उघडा. वर्षाला १५,००० आणि तीन वर्षांत ४५,००० रुपये, व्याज वेगळे. टाइल कटर, ड्रिल मशीन, चांगली शिडी स्वतःच्या पैशांनी घेता येतील.

ठेकेदाराकडून मोठी उचल घेऊ नका. २०,००० रुपये उचलले की ते फिटेपर्यंत मुलगा त्याच साइटला बांधलेला राहतो. शेजारी जास्त रोज मिळत असला तरी तिथे जाता येत नाही.

नव्वद दिवसांची किंमत

बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर घेतला जातो. ५० लाखांच्या इमारतीमागे ५०,००० रुपये होतात. हा पैसा कामगारांच्या कल्याणासाठी आहे. देशभर अशी मंडळे १९९६ च्या कायद्यामुळे उभी राहिली. तमिळनाडूत मात्र बांधकाम कामगारांच्या संघटनांनी आधीपासूनच लढा दिला होता आणि १९९४ सालीच मंडळ स्थापन झाले.

नोंदणीसाठी वय १८ ते ६० असावे लागते आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलेले असावे लागते. अपघात, बाळंतपण, मुलांचे शिक्षण, लग्न, साठीनंतरचे पेन्शन अशा बाबींसाठी मंडळाकडून मदत मिळते. पण ती नोंदणी केलेल्यालाच मिळते. मुलगा पालखावरून पडल्यावर नोंदणी करून उपयोग नाही.

म्हणून एक साधी वही ठेवा. तारीख, जागा, कोणाकडे काम केले, किती मजुरी मिळाली, एवढेच लिहायचे. ही वही मुलाची, मुकादमाची नव्हे. नव्वद दिवस भरले की कामाचा दाखला घेऊन नोंदणी करा, वारसाचे नाव लिहा आणि मुदत संपायच्या आत नूतनीकरण करा.

सव्वा रुपया रोज

प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख, अंशतः कायमचे अपंगत्व आल्यास १ लाख रुपये मिळतात. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा हप्ता ४३६ रुपये आणि संरक्षण २ लाखांचे. दोन्ही मिळून वर्षाला ४५६ रुपये, म्हणजे दिवसाला सव्वा रुपया. हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस खात्यात तेवढी शिल्लक ठेवा, नाहीतर विमा बंद पडतो.

अटल पेन्शन योजनेत महिन्याला ५,००० रुपये पेन्शन हवे असेल तर अठराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला महिन्याला २१० रुपये भरावे लागतात. तिसाव्या वर्षी सुरुवात केली तर तेवढ्याच पेन्शनसाठी ५७७ रुपये. अंगमेहनतीच्या कामात शरीर लवकर थकते, म्हणून हे लवकर सुरू करणेच शहाणपणाचे.

कोणती योजना आपली, कोणती नाही

महाराष्ट्रातल्या पाहुण्यांचा फोन येतो, ‘आम्हाला विश्वकर्मा योजनेत हत्यारांसाठी १५,००० मिळाले, तुम्ही का घेत नाही?’ प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना २०२३ साली सुरू झाली, पण तमिळनाडू सरकारने ती इथे राबवायला नकार दिला. त्याऐवजी २०२५ मध्ये ‘कलैञर कैविनै तिट्टम’ आणली. तिच्यात किमान वय ३५ आहे. म्हणजे मुलाला ती लागू नाही, वडिलांना होऊ शकते. इथे ‘विश्वकर्माचा फॉर्म भरून देतो, ५०० रुपये द्या’ असे कोणी सांगितले तर पैसे देऊ नका.

परदेशी जाण्याआधी

आपल्या जिल्ह्यातली पुष्कळ मुले आखाती देशांत आणि सिंगापूरला बांधकामावर जातात. जाण्यात गैर काही नाही, पण एजंटला किती द्यायचे ते माहीत असावे. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढेच घेता येते. म्हणजे १८ टक्के जीएसटी धरून ३५,४०० रुपये. एजंट नोंदणीकृत आहे की नाही, ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. पैसे रोख देऊ नका, खात्यातून द्या आणि पावती घ्या.

समजा, एजंटने दीड लाख मागितले आणि तुम्ही ते शेकडा तीन रुपये महिना व्याजाने आणले. महिन्याला ४,५०० रुपये फक्त व्याज. वर्षाला ५४,०००, आणि मुद्दल तसेच उभे. मुलगा तिकडे उन्हात राबतो आणि त्याची पहिली दोन वर्षे सावकाराच्या घरी जातात. आधी इथे शिकून, प्रमाणपत्र घेऊन गेला तर निदान कसबी कामगाराचा पगार तरी मागता येतो.

काम नसेल तेव्हा

आपल्याकडे ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस. आडी आणि मार्गळी महिन्यांत लोक घराचे मुहूर्त करत नाहीत. म्हणजे वर्षातले काही महिने काम कमी असणार, हे आधीपासूनच ठाऊक असते. निदान दोन महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम खात्यात असल्याशिवाय मोटारसायकलचा हप्ता सुरू करू नका. २०२८ मध्ये महामहम आहे. त्याआधी देवळांची, लॉजची, रस्त्यांची कामे निघतील आणि रोजही वाढेल. त्या वाढीव रोजाच्या भरवशावर पाच वर्षांचे कर्ज घेऊ नका. उत्सव संपतो, हप्ता राहतो.

या महिन्यात करायच्या पाच गोष्टी

१. मुलाचे किंवा मुलीचे स्वतःच्या नावावर खाते उघडा आणि वारस नोंदवा.
२. आयटीआयच्या प्रवेशाची चौकशी करा. आधीच काम येत असेल तर प्रमाणपत्राच्या परीक्षेची करा.
३. कामाच्या दिवसांची वही सुरू करा. नव्वद दिवस भरले असतील तर मंडळात नोंदणी करा.
४. दोन्ही विम्यांचे अर्ज बँकेत भरून द्या.
५. पन्नास रुपये रोजाप्रमाणे आवर्ती ठेव सुरू करा.

कुंभकोणमला बचतीची सवय नवी नाही. १९०४ साली या गावात बँक निघाली ती इथल्याच लोकांच्या पैशावर आणि विश्वासावर. तीच सवय आता थापी हातात धरणाऱ्या मुलांना लावायची आहे. मुलगा गवंडी झाला म्हणून मान खाली घालू नका. त्याच्या वहीत दिवस लिहिलेले असू द्या, पासबुकात मजुरी जमा झालेली असू द्या आणि घरी आल्यावर त्याला विचारा, ‘आज काय नवीन शिकलास?’

अर्ज भरायला अडचण आली तर आपल्या शाखेत या, संकोच करू नका.